चुडा वडोदऱ्याचा, सुळा मोझांबिकचा

वडोदऱ्याच्या मांडवी आणि न्यायमंदिर परिसरातील बाजारपेठेत लग्नसराईच्या दिवसांत पांढऱ्या-तांबड्या बांगड्यांचे संच दिसू लागतात. गुजराती विवाहात मामाने भाचीला द्यावयाच्या आहेरात पानेतर साडीबरोबर या चुड्याला मानाचे स्थान आहे. गायकवाडांच्या काळापासून त्या शहरात नांदत असलेल्या मराठी कुटुंबांतील नववधू हिरव्या काचेचा चुडा भरते, तर शेजारच्या गुजराती घरातील वधू हा पांढरा चुडा घालते. आज तो ॲक्रिलिकचा किंवा साध्या प्लास्टिकचा असतो. त्याचा रंग, त्याच्यावरील तांबडे पट्टे आणि त्याची घडण मात्र अजूनही मूळ पदार्थाची आठवण सांगतात. तो पदार्थ म्हणजे हस्तिदंत.

गोव्यातील वाचकाला ही प्रथा परकी वाटणार नाही. आपल्याकडेही हिंदू आणि ख्रिस्ती या दोन्ही समाजांत चुडा भरण्याचा सोहळा होतो आणि ख्रिस्ती कुटुंबांत तो प्रायः वधूच्या मामाच्या घरी होतो. बांगडी फुटली असे न म्हणता ती ‘वाढवली’ म्हणण्याचा संकेतही आपल्याला ठाऊक आहे. गुजरातेत हा संकेत हस्तिदंतालाही लागू होता. पती निवर्तला की चुडा फोडला जाई आणि सौभाग्यवती स्त्री वारली तर तो तिच्याबरोबर चितेवर जाई. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. सोने आईकडून लेकीकडे जाते, पण चुडा जात नसे. प्रत्येक पिढीतील प्रत्येक वधूसाठी नवा दंत लागत असे, म्हणजेच नवे हत्ती मरावे लागत.

तो हत्ती बहुतेक वेळा भारतातला नव्हता. वडोदऱ्याच्या गायकवाडांकडे गजशाळा होती. पाणीगेट भागातील आगडात हत्तींच्या झुंजी लावल्या जात आणि एकोणिसाव्या शतकात खंडेराव महाराजांच्या काळी आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. परंतु कारागिरांना हवा होता तो आफ्रिकेचा दंत. आशियाई हत्तींमध्ये माद्यांना लांब सुळे नसतात आणि नरांपैकीही काही ‘मखना’, म्हणजे बिनसुळ्यांचे असतात. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातील हत्तींत सामान्यतः नर-मादी दोघांनाही सुळे असतात. ते आकाराने मोठे असतात, त्यामुळे त्यांतून रुंद बांगडी कापता येते.

हा माल येई तो कापडाच्या बदल्यात. वडोदऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर, आजच्या भरूच जिल्ह्यात जंबुसर आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील गिऱ्हाइकांची आवड ध्यानात घेऊन तेथे कापड विणले जाई. दीवचे वाणी व्यापारी ते गलबतांतून मोझांबिकला नेत आणि परतताना हस्तिदंत आणीत. १६८६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने दीव-मोझांबिक व्यापाराचा मक्ता या वाण्यांच्याच मंडळीला दिला होता. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालत होता, हे आज आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणातून गेले आहे. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाच्या वास्तूत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. गोव्यात सतराव्या शतकात घडलेल्या ‘भल्या मेंढपाळा’च्या म्हणजे बाल येशूच्या हस्तिदंती मूर्ती जगभरच्या संग्रहांत प्रसिद्ध आहेत. त्यांचा दंत बहुतांशी याच समुद्रमार्गाने आला. वडोदऱ्याच्या वधूचा चुडा आणि गोव्याच्या देवघरातील मूर्ती या एकाच कळपाच्या सुळ्यांतून निघालेल्या असणे अगदी शक्य आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात झांझिबार आणि मुंबई ही या व्यापाराची मुख्य ठाणी झाली. तेथे कच्छी व्यापाऱ्यांचा शब्द चाले.

ही पार्श्वभूमी सविस्तर सांगण्याचे कारण आहे. हस्तिदंताच्या तस्करीविषयी बोलताना आपण सहसा दोन चित्रे डोळ्यांसमोर आणतो: आफ्रिकेतला बंदूकधारी शिकारी आणि चीनमधला धनिक ग्राहक. त्या चित्रात आपण नसतो. वास्तविक चीनमध्ये मागणी वाढण्याच्या कितीतरी आधी पश्चिम भारत ही हस्तिदंताची मोठी बाजारपेठ होती. ती बंद कशी झाली, हा अनुभव आजच्या आंतरराष्ट्रीय वादात फार उपयोगाचा आहे.

प्रथम मूळ अडचण समजून घेऊ. सुळा हा हत्तीचा वाढलेला वरचा पटाशीचा दात आहे. त्याचा बराचसा भाग कवटीत रुतलेला असतो. तस्कराला पूर्ण सुळा हवा असतो आणि तो जिवंत हत्तीपासून मिळत नाही. मोठे सुळे असणारे प्राणी बहुधा वयस्क असतात. आफ्रिकेत कळपाची वाट, पाण्याची ठिकाणे आणि दुष्काळातले आसरे ज्यांना माहीत असतात, त्याच वृद्ध माद्या आधी बळी पडतात. १९७९ मध्ये आफ्रिकेत सुमारे १३ लाख हत्ती असावेत असा अंदाज होता. अवघ्या दहा वर्षांत तो निम्म्याच्याही खाली, सुमारे ६ लाखांवर आला.

आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम घालण्याचे साधन म्हणजे ‘साइट्स’ हा करार. त्याचा मसुदा १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे ठरला, १९७५ मध्ये तो अमलात आला आणि १९७६ मध्ये भारत त्यात सामील झाला. आज १८० हून अधिक देश त्याचे सदस्य आहेत. या कराराची परिशिष्टे आहेत. पहिल्या परिशिष्टातील प्रजातींचा व्यापारी हेतूने आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. दुसऱ्यातील प्रजातींचा व्यापार परवान्याने करता येतो. आशियाई हत्ती आरंभापासून पहिल्या परिशिष्टात आहे. आफ्रिकी हत्ती मात्र दुसऱ्यात होता. म्हणजे कागदपत्रे असली की त्याचा सुळा कायदेशीर ठरे. सुळ्यावर त्याचे जन्मस्थान कोरलेले नसते. त्यामुळे बेकायदा माल कायदेशीर कागदांच्या आडून सहज पुढे सरके. अखेर १९८९ च्या ऑक्टोबरात स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सदस्य देशांनी आफ्रिकी हत्तीही पहिल्या परिशिष्टात घातला आणि जानेवारी १९९० पासून ही बंदी लागू झाली. त्याआधी, १९८९ च्याच जुलैत केनियाने १२ टन हस्तिदंत जाहीरपणे जाळून जगाचे लक्ष वेधून घेतले होते.

येथे एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. साइट्स सीमा ओलांडणाऱ्या मालापुरता बोलतो. देशाच्या आतल्या दुकानात काय विकले जाते, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते. भारताची कहाणी नेमकी याच फटीतून जाते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्तीला १९७७ मध्ये पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वोच्च संरक्षण मिळाले. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापारही बंद झाला. परंतु आफ्रिकेतून आयात केलेल्या दंताला मोकळीक राहिली. मग काय व्हायचे ते झाले. दक्षिणेच्या जंगलात मारलेल्या हत्तीचा सुळा दुकानात ‘आफ्रिकी’ म्हणून उभा राहू शके आणि कोरून वस्तू झाल्यावर फरक सांगणे तज्ज्ञालाही अवघड जाई. भारतात सुळे फक्त नरांना असल्याने या शिकारीचा परिणाम वेगळ्या तऱ्हेने दिसला. केरळच्या पेरियार अभयारण्यात १९८० च्या दशकाअखेर एका प्रौढ नरामागे शंभराहून अधिक प्रौढ माद्या, असे विपरीत प्रमाण नोंदले गेले. हत्ती दिसत होते, पण वंश पुढे नेणारे नर नव्हते.

१९९१ मध्ये कायद्यात पुन्हा दुरुस्ती करून आयात हस्तिदंताचा व्यापारही बंद करण्यात आला. व्यापारी न्यायालयात गेले. आम्ही हा माल त्या वेळच्या कायद्यानुसार, कर भरून आणला आहे. तो विकू न देणे म्हणजे व्यवसायाच्या मूलभूत हक्कावर घाला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नव्हता आणि कारागिरांच्या पोटाचा प्रश्नही खरा होता. तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००३ मध्ये ही बंदी वैध ठरविली. एका याचिकाकर्त्याने तर आपला माल हत्तीचा नसून हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या मॅमथचा आहे, म्हणून कायदा त्याला लागू होत नाही, असे म्हटले. न्यायालयाने तेही मान्य केले नाही. साध्या डोळ्यांनी दोहोंतील फरक कळत नसेल, तर मॅमथच्या नावाखाली हत्तीचा दंत विकला जाणार, हे त्यामागचे तारतम्य होते. माझ्या मते हस्तिदंताच्या संपूर्ण प्रश्नाचे मर्म या एका निकालात आहे: कायदेशीर बाजाराची एक खिडकी जरी उघडी ठेवली, तरी बेकायदा माल तिच्यातूनच आत येतो.

आणि वडोदऱ्याचा चुडा? तो कायद्याने थांबला, तसाच महागाईने आणि पर्यायी पदार्थानेही थांबला. प्लास्टिकचा चुडा घालून झालेले लग्न कोणी अशुभ मानले नाही. प्रथा टिकली, पदार्थ बदलला. मागणी ही संस्कृतीत इतकी रुजलेली असते की ती हलविता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण सांगता येईल.

जागतिक पातळीवर मात्र खिडकी पुन्हा किलकिली करण्यात आली. दक्षिण आफ्रिका खंडातील काही देशांचे म्हणणे होते की त्यांच्याकडे हत्तींची संख्या चांगली आहे आणि नैसर्गिक मृत्यूंतून गोळा झालेला साठा पडून आहे. १९९७ च्या हरारे परिषदेनंतर बोत्स्वाना, नामिबिया आणि झिंबाब्वे यांना १९९९ मध्ये सुमारे ५० टन दंत जपानला एकदाच विकू देण्यात आला. २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेसह चार देशांनी सुमारे १०२ टन माल चीन आणि जपानला विकला. त्यानंतर शिकार वाढली. दोहोंत कार्यकारणसंबंध आहे की नाही, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. चीनमध्ये परवानाधारक दुकाने उघडी राहिली आणि बेकायदा मालाला आडोसा मिळाला, एवढे मात्र दिसत होते.

हरारे परिषदेतूनच हत्तींच्या बेकायदा हत्येची नोंद ठेवणारी यंत्रणा उभी राहिली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘माइक’ म्हणतात. आफ्रिका आणि आशियातील ठरावीक जंगलांत सापडलेल्या प्रत्येक मृत हत्तीची नोंद होते आणि त्यांपैकी किती बेकायदा मारले गेले याचे प्रमाण काढले जाते. भारतात म्हैसूर, वायनाड, निलगिरी यांसारखी क्षेत्रे तिच्यात आहेत. आफ्रिकेत हे प्रमाण २०११ मध्ये शिखरावर पोहोचले होते. सापडलेल्या मृत हत्तींपैकी निम्म्याहून अधिक शिकाऱ्यांनी मारलेले होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महागणनेत १८ देशांत गवताळ प्रदेशातील ३,५२,२७१ हत्ती मोजले गेले आणि सात वर्षांत त्यांची संख्या जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

तस्करीच्या तपासात खरा बदल घडविला तो विज्ञानाने. वॉशिंग्टन विद्यापीठातील सॅम्युअल वासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकाभरच्या हत्तींच्या लिदीतून डीएनए गोळा करून एक नकाशा तयार केला. जप्त सुळ्यातील डीएनए त्याच्याशी ताडून पाहिला की हत्ती साधारण कोठे मारला गेला ते कळते. २०१५ मध्ये त्यांनी दाखवून दिले की मोठ्या जप्तींमधील माल प्रामुख्याने दोनच प्रदेशांतून येतो. एक, गाबाँ, काँगो आणि कॅमेरून यांच्या सीमेवरचे जंगल. दुसरा, आग्नेय टांझानिया आणि त्याला लागून असलेला उत्तर मोझांबिक. पुढे त्यांनी वेगवेगळ्या बंदरांत पकडलेल्या मालात एकाच हत्तीच्या दोन सुळ्यांच्या जोड्या शोधल्या आणि त्यावरून मोजक्याच टोळ्या हा व्यापार चालवितात हे उघड केले. रेडिओकार्बन पद्धतीने केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासातून जप्त माल जुन्या साठ्यातला नसून बहुतांशी तीन वर्षांच्या आत मारलेल्या हत्तींचा असतो, हे सिद्ध झाले. त्यामुळे ‘हा आजोबांच्या वेळचा आहे’ ही तस्करांची नेहमीची सबब लंगडी पडली.

ज्या मोझांबिकमधून जंबुसरच्या कापडाच्या बदल्यात दंत येत असे, त्याच मोझांबिकमध्ये पाच वर्षांत हत्तींची संख्या २० हजारांवरून सुमारे १० हजारांवर आल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. त्याच देशातील गोरोंगोसा उद्यानात १९७७ ते १९९२ या यादवी युद्धाच्या काळात जवळजवळ ९० टक्के हत्ती मारले गेले. सैनिक दंत विकून शस्त्रे घेत. ज्या माद्यांना जन्मतःच सुळे नव्हते त्या अधिक वाचल्या आणि युद्धातून वाचलेल्या माद्यांपैकी निम्म्याच्या आसपास बिनसुळ्यांच्या होत्या. हा गुण वाहणारा जनुक नर गर्भाला मारक ठरतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. माणसाच्या लोभाने प्राण्याच्या शरीररचनेवर केलेला इतका वेगवान परिणाम क्वचितच पाहावयास मिळतो.

चीनने २०१७ च्या अखेरीस आपला देशांतर्गत बाजार बंद केला. या निर्णयाची चाहूल लागताच चीनमधील कच्च्या दंताचा घाऊक भाव २०१४ मधील किलोमागे सुमारे २,१०० डॉलरवरून २०१७ च्या आरंभी ७३० डॉलरवर उतरला होता. अमेरिकेने २०१६ मध्ये जवळजवळ संपूर्ण बंदी आणली, ब्रिटनचा २०१८ चा कायदा २०२२ मध्ये लागू झाला, तर हाँगकाँगचा बाजार २०२१ च्या अखेरीस मिटला. जपानचा बाजार उघडाच आहे. तेथे नाममुद्रेच्या शिक्क्यांसाठी हस्तिदंत वापरला जातो. टोळ्याही थांबलेल्या नाहीत. २०१९ मध्ये सिंगापूरला काँगोतून व्हिएतनामकडे निघालेला ८.८ टन हस्तिदंत पकडला गेला. त्याच्याबरोबर खवल्या मांजराचे खवलेही होते. आपल्याकडे २०१५ मध्ये केरळच्या जंगलातील शिकारीचा तपास थेट दिल्लीपर्यंत गेला आणि तेथे साडेचारशे किलोंहून अधिक दंत हाती लागला.

या पार्श्वभूमीवर २०२२ ची एक घटना खटकते. नोव्हेंबरात पनामा येथे साइट्सची परिषद भरली. दक्षिणेकडील आफ्रिकी देशांच्या हस्तिदंताला पुन्हा व्यापाराची वाट खुली करावी, या प्रस्तावावर मतदान झाले. १५ देश बाजूने, ८३ विरुद्ध. प्रस्ताव फेटाळला गेला. भारत तटस्थ राहिला. दशकानुदशके ठाम विरोध करणाऱ्या देशाने मत का दिले नाही, याची चर्चा झाली ती नामिबियाशी त्याच वर्षी जुलैत झालेल्या कराराच्या संदर्भात. त्या करारानंतर सप्टेंबरात कुनोच्या जंगलात चित्ते आले होते. राजनयात देवाणघेवाण असते हे मान्य. पण हस्तिदंताच्या प्रश्नावर भारताचा शब्द वजनदार होता तो आपण स्वतःची बाजारपेठ बंद करून दाखविली म्हणून. ते वजन चित्त्यांच्या पारड्यात घालण्याची गरज नव्हती.

दुसरी बाजू ऐकून घेणेही आवश्यक आहे. बोत्स्वानात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत. शेत तुडविले जाते, माणसे दगावतात आणि संरक्षणाचा खर्च गरीब देशाच्या माथी येतो. दोडामार्गच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. २००२ मध्ये कर्नाटकातून सिंधुदुर्गात उतरलेल्या हत्तींनी तिळारीच्या खोऱ्यातील केळी आणि माड यांचे जे केले, ते त्याने पाहिले आहे. त्याला नुकसानभरपाई वेळेवर मिळणे हा हस्तिदंतविरोधी लढ्याचाच भाग आहे, कारण चिडलेल्या गावात शिकाऱ्याला वाटाड्या सहज मिळतो. भारतात २०२५ मध्ये जाहीर झालेल्या डीएनए-आधारित अंदाजानुसार रानहत्ती २२,४४६ आहेत. बोत्स्वानासारख्या देशांना साठ्याचा मोबदला द्यावयाचा तर तो संवर्धन निधीतून द्यावा, विक्रीतून नव्हे, ही सूचना मला अधिक व्यवहार्य वाटते. तिच्यासाठी पैसा कोणी द्यायचा हे मात्र श्रीमंत देशांनी अजून नीट सांगितलेले नाही.

उरतो घरातल्या वस्तूंचा प्रश्न. वडोदऱ्याच्या एखाद्या जुन्या वाड्यात पणजीचा चुडा कापडात गुंडाळून ठेवलेला असू शकतो. गोव्यात एखाद्या ओरातोरीत हस्तिदंती क्रूस किंवा नैरोबी-मोझांबिकहून परतलेल्या आजोबांनी आणलेला कोरीव सुळा असू शकतो. अशी वस्तू विकता येत नाही, भेट देता येत नाही आणि परदेशी असलेल्या मुलाकडे सामानातून पाठविताही येत नाही. ती बाळगण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंद आणि मालकीचे प्रमाणपत्र लागते. वारशाने ती मिळाली तर वारसाने ९० दिवसांच्या आत तसे घोषित करावयाचे असते. २०२२ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी केल्या. साइट्सच्या अंमलबजावणीसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण आले आणि प्रमाणपत्रधारकाला आपली वस्तू स्वेच्छेने वन खात्याच्या स्वाधीन करण्याची तरतूद झाली. तिच्याबद्दल मोबदला मिळत नाही. पहिल्या अनुसूचीतील गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘बोन’ म्हणून दाखविली जाणारी पांढरी कोरीव वस्तू घेताना हे आकडे ध्यानात असावेत. ती हाडाची असेल किंवा नसेल. सिद्ध करण्याची पाळी बाळगणाऱ्यावर येते.